कुलूपबंद विद्या आणि दोन जादूगार

श्रुतपंचमीला आपण शास्त्रग्रंथांची पूजा करतो. ज्ञानपंचमीला पोथ्या बाहेर काढून स्वच्छ करतो आणि पुन्हा वेष्टनात बांधून ठेवतो. त्या पोथ्यांतील ज्ञान नेमके कोणासाठी आहे, हा प्रश्न मात्र त्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही. गेल्या चातुर्मासात आमच्या छोट्या वाचनमंडळात तो प्रश्न उपस्थित झाला, आणि तो एका इंग्रजी कादंबरीमुळे व्हावा याचे मला आजही नवल वाटते.

‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ हे त्या कादंबरीचे नाव. सुझॅना क्लार्क या इंग्रज लेखिकेने सुमारे दहा वर्षे खपून ती लिहिली आणि २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या पहिल्या यादीत तिचे नाव आले, पुढील वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये बीबीसीने तिच्यावर सात भागांची मालिका काढली. एवढा मान मिळूनही ही कादंबरी अर्ध्यावर सोडून देणारे वाचक पुष्कळ भेटतात. तिची पाने सुमारे आठशे, तळटिपा जवळजवळ दोनशे, आणि भाषा मुद्दाम दोनशे वर्षांपूर्वीच्या वळणाची. आमच्या मंडळातील एका निवृत्त शिक्षकांना त्या तळटिपांचीच गोडी लागली. दुसऱ्या सभासदांनी मात्र दीडशे पानांनंतर पुस्तक परत केले आणि ‘दुसरा जादूगार येणार तरी कधी?’ असे विचारले. त्यांची तक्रार रास्त होती. शीर्षकात ज्याचे नाव आधी, तो स्ट्रेंज कथेत पुष्कळ उशिरा येतो.

कथा १८०६ मध्ये सुरू होते. यॉर्क शहरात जादूविद्येच्या अभ्यासकांची एक सभा आहे. सभासद विद्येच्या इतिहासावर निबंध वाचतात. प्रत्यक्ष मंत्र मात्र एकालाही साधत नाही. जवळच राहणाऱ्या नॉरेल नावाच्या गृहस्थाला ते साधते. त्याने आयुष्यभर विद्येचे ग्रंथ विकत घेऊन आपल्या ग्रंथालयात साठविले आहेत; म्हणूनच इतरांच्या हाती मूळ ग्रंथ राहिलेले नाहीत. तो सभेपुढे एक करार ठेवतो : मी जादू सिद्ध करून दाखवीन, पण त्यानंतर तुम्ही स्वतःला जादूगार म्हणवणे सोडायचे. यॉर्कच्या भव्य चर्चमधील दगडी पुतळे बोलू लागतात आणि सभा विसर्जित होते. त्या करारावर सही करण्यास एकच सभासद नकार देतो. पुढे स्ट्रेंज हा तरुण नॉरेलचा शिष्य होतो. त्याची बुद्धी उपजत आहे, पण गुरू त्याला निवडक ग्रंथ देतो आणि उरलेले लपवून ठेवतो. यथावकाश गुरुशिष्यांत वितुष्ट येते. स्ट्रेंज आपला ग्रंथ छापतो, तेव्हा नॉरेल त्याच्या प्रती मंत्रबळाने नाहीशा करतो.

या ठिकाणी आमच्या मंडळात दोन पक्ष पडले. आमच्यातील एक ज्येष्ठ कापड व्यापारी निःसंकोच नॉरेलच्या बाजूने बोलले. ‘चाळीस वर्षे पदरमोड करून ज्याने ग्रंथ जमविले, त्याने ते कालच्या पोराच्या हवाली का करावेत? माल कुठून घ्यायचा आणि उधारी कोणाला द्यायची, हे मी तरी बाजारात ओरडून सांगतो का?’ मंडळातील तरुण चार्टर्ड अकाउंटंटने लगेच उत्तर दिले, ‘काका, बाजारात सांगू नका, पण नॉरेलने घरच्या शिष्यालाही सांगितले नाही.’ त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मग एका भगिनीने वेगळीच बाजू मांडली. तिच्या मते दोघेही दोषी. लंडनमध्ये आपले वजन वाढावे म्हणून नॉरेल एका मंत्र्याच्या मृत वाग्दत्त वधूला जिवंत करतो, आणि त्या बदल्यात तिचे अर्धे आयुष्य एका मायावी पुरुषाला देऊन बसतो. ती आपली व्यथा सांगू लागली की तोंडून असंबद्ध गोष्टीच बाहेर पडतात. स्ट्रेंज आपल्या अभ्यासात इतका बुडालेला असतो, की स्वतःच्या पत्नीवर आलेले संकट त्याच्या ध्यानी येत नाही. ‘दोन विद्वानांच्या भांडणात किंमत मोजली ती घरच्या माणसांनी. तिकडे तुमचे लक्षच गेले नाही,’ असे ती म्हणाली. हे खरे होते.

घरी परतताना मला धरसेनाचार्यांची कथा आठवली. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या या वृद्ध आचार्यांना आपल्याबरोबर श्रुतज्ञान लोप पावेल, अशी चिंता होती. त्यांनी दोन मुनींना बोलावून घेतले आणि परीक्षेसाठी प्रत्येकाला एकेक मंत्र दिला. एकात अक्षर अधिक, दुसऱ्यात एक कमी. साधनेत प्रकट झालेल्या देवतांचे रूप सदोष दिसले, तेव्हा दोघांनी आपापला मंत्र स्वतःच शुद्ध करून घेतला. ते पुष्पदंत आणि भूतबली. आचार्यांनी हातचे न राखता त्यांना शिकविले, म्हणून षट्खंडागम लिहिला गेला आणि आपल्याला श्रुतपंचमी मिळाली.

त्याच ग्रंथाच्या ताडपत्री प्रती पुढे शतकानुशतके मूडबिद्री येथे जपल्या गेल्या. त्या जपणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण दर्शनापलीकडे वाचन जवळजवळ उरले नव्हते. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून खटपट केली. तरीही प्रत बाहेर आली ती एका नकलकाराने गुपचूप करून ठेवलेल्या दुसऱ्या नकलेमुळे. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि १९५८ पर्यंत सोळा खंड पूर्ण झाले. पुढील खंडांसाठी मूडबिद्रीकरांनीही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास साहाय्य केले. ज्ञान लपविणे, योग्य माणसाला ते न देणे आणि त्याच्या मार्गात अडथळा आणणे, यांना तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणे म्हटले आहे. दुसऱ्यापासून लपविलेल्या ज्ञानाचा पडदा आपल्याच आत्म्यावर पडतो.

पुढच्या बैठकीत मी हे सांगितले, आणि त्याबरोबर स्वतःची एक कबुलीही दिली. बँकेत असताना कर्जदाराचा ताळेबंद वाचण्याची माझी एक पद्धत होती. विक्री वाढलेली दिसते आणि येणे मात्र वसूल होत नाही, अशा वेळी नेमके कुठे पाहायचे, हे मला अनुभवाने कळले होते. हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांनी विचारले, की मी ‘येईल हळूहळू’ एवढेच म्हणत असे. निवृत्तीच्या दिवशी माझ्या टिपणवह्या मी घरी आणल्या. दहा वर्षांत त्या कोणी मागितल्या नाहीत, आणि आता त्यातील निम्मी अक्षरे मलाच लागत नाहीत.

कादंबरीच्या शेवटी दोघे प्रतिस्पर्धी एकाच शापाच्या अंधारात एकमेकांशी बांधले जातात आणि भांडण विसरून पुन्हा एकत्र काम करू लागतात. तोवर विद्या कोणा एकाची राहिलेली नसते. इंग्लंडभर सामान्य माणसांना ती साधू लागलेली असते. आमच्या कापड व्यापाऱ्यांना हा शेवट मान्य नाही. त्यांच्या मते नॉरेलवर अन्यायच झाला. मात्र पुस्तक मंडळाकडे परत आलेले नाही. विचारले तेव्हा कळले, की ते सध्या त्यांचा धाकटा मुलगा वाचत आहे, आणि रात्री दुकान बंद झाल्यावर दोघांत वाद चालतो.