आरंभीची शिल्लक

आरंभीचा साठा न लिहिता वर्षअखेरीस नफा सांगू पाहणाऱ्या मुनिमास आपण पेढीवर ठेवणार नाही. शाळेच्या बाबतीत मात्र आपण ते खपवून घेतो. मुलगा कामधंद्यास लायक झाला असे प्रशस्तिपत्र सांगते. तो वर्षारंभी कोठे होता, हे प्रगतिपुस्तकात सहसा नसते.

बीदरच्या मैलूर भागातील एखाद्या दुकानाचा विचार करा. एक गिऱ्हाईक कन्नडात भाव विचारते, दुसरे मराठीत, तिसरे उर्दूत. मुलास तिघांशी अदबीने बोलता यावे, तूर तोलताना काट्यावरचे लक्ष ढळू नये, आणि हिशेबातील चूक मालकाने पकडण्यापूर्वी आपण होऊन सांगण्याचे धैर्य असावे. गणिताच्या गुणांवरून यातले फारच थोडे कळते.

बीदरच्याच बिदरी कारागिराचे काम या दृष्टीने सोपे. किल्ल्यातील माती नवसागरासह लावली की जस्त-तांब्याचा पाया काळा पडतो, चांदी उजळ राहते आणि चुकलेली रेघ लपत नाही. स्वभावाला आणि सवयींना लावण्याजोगी अशी माती मिळत नाही.

प्रयत्न मात्र पूर्वीच झाला आहे. 1937 साली वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. तीतून नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने हस्तव्यवसायास शिक्षणाचे केंद्र मानले आणि सूतकताईत मुलाची गती कोणत्या टप्प्यावर किती असावी हेही ठरवून दिले. सूत मोजता येते. शेजाऱ्याची तुटलेली टकळी दुरुस्त करून देणारा मुलगा त्या मापात येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रगतिपत्रकात शिक्षकाबरोबर विद्यार्थ्याचे स्वतःचे व सोबत्यांचेही मूल्यमापन असावे असे सुचविले, ते याचसाठी उपयोगी आहे.

परंतु त्यात एक खोच आहे. जूनमध्ये ‘मला हिशेब येतो’ असे बेधडक लिहिणारा मुलगा महिनाभर रोजमेळ लिहिल्यानंतर मार्चमध्ये ‘थोडा येतो’ असे लिहील. आकडा उतरला, पण मुलगा वाढला! म्हणून मताऐवजी कृती नोंदवावी : तेच काम जूनमध्ये, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये द्यावे, सूचना किती वेळा पुन्हा सांगावी लागली, चूक कोणी शोधली, अडल्यावर त्याने कोणास विचारले, एवढेच लिहावे. ‘उत्तम’, ‘बरा’ या शेऱ्यांनी काही साधत नाही.

दुसरी खोच आपल्या परिचयाची. वाढ दाखविण्याचे दडपण शिक्षकावर आले की आरंभीचा आकडा हात आखडून लिहिला जाईल. सुरुवातीचा साठा कमी दाखवून नफा फुगविण्याची विद्या व्यापाऱ्यास कोणी शिकवावी असे नाही. यास्तव पहिली नोंद शिक्षकाने एकट्याने करू नये. शाळेबाहेरचा एक व्यापारी शेजारी बसावा, आणि मार्चमध्येही तोच असावा. वर्षातून दोन सकाळी दुकान अर्धा तास उशिरा उघडले तर हे होण्याजोगे आहे. मुले अखेर येणार आहेत आपल्याच दुकानी.