पासपोर्टाच्या मोलाने मिळालेली जर्सी

कोथरूडहून चांदणी चौक ओलांडून बाह्यवळण महामार्गाला लागले, की थोड्याच अंतरावर म्हाळुंगे-बालेवाडीची श्री शिवछत्रपती क्रीडानगरी येते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलेल्या या संकुलात पुणे एफसी हा संघ आय-लीगचे सामने खेळत असे. त्याच संघातून नावारूपाला आलेल्या अराता इझुमी या जपानी फुटबॉलपटूने भारताकडून खेळण्यासाठी आपली जन्मभूमीच कागदोपत्री सोडली.

१९८२ मध्ये जपानमध्ये जन्मलेल्या अराताची आई जपानी, तर वडील मूळचे गुजराती. नीलकंठ खंभोळजा हे त्याचे भारतीय नाव. सिंगापूरमार्गे तो २००६ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आला, पुढे मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला आणि २००९ मध्ये पुण्यात स्थिरावला. पुणे एफसीचेही आय-लीगमधील ते पहिलेच वर्ष. मात्र वडील भारतीय असूनही लीगच्या नियमांनुसार त्याची गणना परदेशी खेळाडूंतच होत होती.

स्थलांतरितांच्या बळावर फुटबॉल रुजणे ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत १९२१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन सॉकर लीगमध्ये स्कॉटलंडहून आलेल्या खेळाडूंचा भरणा होता. ग्लासगोत जन्मलेल्या आर्ची स्टार्कने १९२४-२५ च्या हंगामात बेथलेहेम स्टील या पोलाद कारखान्याच्या संघासाठी ६७ गोल केले. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या अमेरिकी संघातील सहा जण ब्रिटनमध्ये जन्मलेले होते. १९५० च्या विश्वचषकात इंग्लंडला १-० असे नमविणारा गोल करणारा हैतीचा जो गेट्जेन्स तर तेव्हा अमेरिकेचा नागरिकही नव्हता. नागरिकत्व घेण्याचा मनोदय जाहीर करणे एवढेच त्या काळी पुरेसे होते.

अराताला एवढी सवलत नव्हती. केवळ भारतीय पासपोर्टधारकांनाच राष्ट्रीय संघात स्थान, असे धोरण केंद्र सरकारने २००८ मध्ये स्वीकारले. भारतात दुहेरी नागरिकत्वाची तरतूद नाही आणि जपानचा कायदाही प्रौढ नागरिकाला एकाच देशाची निवड करायला लावतो. त्यामुळे भारतीय व्हायचे, तर जपानी पासपोर्ट परत करणे अटळ होते. राष्ट्रीय संघात निवडीची हमी नव्हती, वयही तिशीकडे झुकलेले. तरीही २०१२ मध्ये त्याने भारतीय नागरिकत्व पत्करले. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो प्रथमच भारताकडून मैदानात उतरला. भारत तो सामना २-४ असा हरला. त्याच २०१२-१३ च्या हंगामात पुणे एफसीने आय-लीगमध्ये उपविजेतेपद मिळविले.

राष्ट्रीय संघातील त्याची कारकीर्द फार लांबली नाही. २०१५ मध्ये पुणे एफसीचा मुख्य संघ बंद झाला. नंतर तो ज्या एफसी पुणे सिटीकडून खेळला, त्या संघाचाही प्रवास २०१९ मध्ये संपला. अराता मात्र जपानला परतला नाही. निवृत्तीनंतर त्याने नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत मुलांना फुटबॉल शिकविण्याचे काम पत्करले.

हा मार्ग पुन्हा चोखाळला जाण्यास एक तप लोटावे लागले. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये तेथील नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले. त्याची आई मुंबईची. परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना राष्ट्रीय संघाचे दार उघडावे की नाही, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तोवर त्या जर्सीची किंमत अराताने मोजली तेवढीच राहणार आहे.