भात सोडायचा की भाताची मूद मोजायची?

‘साखर वाढली आहे, भात बंद केला तर चालेल ना?’ हा प्रश्न या सदराकडे वारंवार येतो. विचारणारे बहुतेक अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरचे असतात आणि त्यांतील निम्म्यांचे मूळ गाव कोकणात असते. ज्यांच्या घरी दोन्ही वेळेला भातच शिजत आला, त्यांना ‘भात बंद’ म्हणजे जेवणच बंद केल्यासारखे वाटते. एकेकाळी साष्टीच्या या गावांमधून भाताची खाचरे होती. वेसाव्याच्या आणि गोराईच्या कोळ्यांच्या ताटात आजही तांदळाची भाकरी असते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देऊन भागणार नाही.

भात बंद करणारी मंडळी प्रत्यक्षात काय करतात, ते आधी पाहू. दुपारची भाताची वाटी जाते आणि तिच्या जागी दोन पोळ्या जास्त येतात. सकाळी पोहे असतात, रविवारी आंबोळ्या किंवा घावणे होतात, स्टेशनबाहेर इडली खाल्ली जाते. हे सगळे तांदळाचेच, पण ताटात पांढरा ढीग दिसत नाही म्हणून पथ्य पाळल्याचे समाधान! हिशेब असा आहे: ३० ग्रॅम कच्चा तांदूळ आणि ३० ग्रॅम कणीक, दोन्हींतून साधारण १०० उष्मांक मिळतात. कणकेत कोंडा असल्याने तंतुमय भाग आणि प्रथिने थोडी अधिक, हे खरे. पण एक वाटी भात सोडून तीन पोळ्या खाल्ल्यास रक्तातील साखर कमी व्हावी कशी?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीने २०२३ साली देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्याच पाहणीतील आहाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि तांदळाऐवजी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ खाल्ल्याने धोका कमी होताना दिसत नाही, असे त्यात आढळले. पिष्टमय पदार्थांचा थोडा वाटा कमी करून ती जागा डाळी-कडधान्ये, दूध-दही यांतील प्रथिनांना दिली, तर मात्र धोका कमी दिसला. म्हणजे भातावर राग धरण्यापेक्षा वरणाची वाटी मोठी करावी.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी कोणाचे ऐकून रात्रीचा भात एकाएकी सोडू नये. गोळीचा डोस नेहमीच्या जेवणाच्या अंदाजाने ठरवलेला असतो. जेवण निम्मे झाले आणि गोळी तीच राहिली, तर मध्यरात्री साखर एकदम उतरते. दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. ज्येष्ठांच्या बाबतीत घरच्यांना वाटते, झोपेत बरळताहेत. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. आहार बदलायचा तर आधी आपल्या डॉक्टरांना सांगून गोळीचा डोस तपासून घ्यावा.

मग भात किती? आपल्याकडे पंगतीत वाटीने मूद पाडून भात वाढत. ही मूद म्हणजे घरचे मापच. कुकरच्या भांड्यातून डावाने वाढलेला भात कधी मोजला जात नाही, मुदेचा मात्र हिशेब राहतो. लहान वाटीची एक मूद, तिच्यावर घट्ट वरण, शेजारी मुदेहून मोठी पालेभाजी आणि कोशिंबीर. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळीत ते भरपूर असते. डाळीतील उणीव तांदूळ भरून काढतो. वर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. भाजी आणि वरण आधी खाऊन भात नंतर घेतला, तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. वरणभाताने जेवण सुरू करण्याच्या आपल्या रिवाजाला तेवढा धक्का बसेल, पण चालेल.

तांदूळ कोणता, यावर घराघरांत वाद असतात. मऊ, चिकट होणारा भात लवकर पचतो आणि साखर लवकर चढवतो. इंद्रायणी आवडत असला तरी मधुमेह्यांनी सुटा राहणारा तांदूळ घ्यावा. वाड्याच्या कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण ते मानांकन त्याच्या मूळ ठिकाणाचे आणि वैशिष्ट्यांचे आहे, मधुमेहाला चालतो म्हणून दिलेले नव्हे. दुकानदाराने तसे सांगितले तर हसून सोडून द्यावे.

आमचे मत विचाराल तर सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा उकडा तांदूळ उपनगरातल्या स्वयंपाकघरात पुन्हा यायला हवा. भात भिजवून, उकडून, वाळवून मग भरडतात. उकडताना कोंड्यातील ब१ जीवनसत्त्व दाण्यात शिरते आणि पुढे पॉलिश झाले तरी बरेचसे टिकते. या जीवनसत्त्वाअभावी बेरीबेरी होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांनी पाहिले की पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि बिनपॉलिशच्या तांदळाने सुधारतात. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उकड्या भाताने साखरही सहसा सावकाश चढते. त्याचा वास मुलांना आधी आवडत नाही. पेजेपासून सुरुवात करावी.

पेज गाळून टाकली की भातातली साखर जाते, अशी एक समजूत आहे. तसे सांगून कुकरही विकले जातात. थोडा स्टार्च जातो, हे खरे, पण पिष्टमय भागाचा मोठा हिस्सा दाण्यातच राहतो आणि पाण्याबरोबर ब जीवनसत्त्वे मात्र जातात. गाळायचीच असेल तर ती पेज मीठ घालून प्यावी, मोरीत ओतू नये. तांदूळही दोन पाण्यांत धुतला की पुरे.

शेवटी रात्रीच्या उरलेल्या भाताबद्दल. गार झालेल्या भातातील थोडा स्टार्च पचायला सावकाश होतो, म्हणून शिळा भात मधुमेहाला चांगला असे हल्ली कानावर येते. फरक अगदी थोडा आहे, आणि मुंबईच्या दमट हवेत ओट्यावर रात्रभर राहिलेला भात धोक्याचा. तांदळातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढून विष तयार करतात आणि सकाळच्या फोडणीनेही ते विष जात नाही. तास-दीड तासात भात पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात करून मुलांच्या डब्यात देऊ नये.