रिचार्ज नसलेली छत्री

सकाळी सात

चहा व्हायच्या आधी फोन वाजला की तो टीव्हीचाच, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. आज गोंदीहून मावशी. "आरं, पिच्चरचं चॅनल रात्रीपासून गायब झालंय. तू तर म्हनला व्हतास पैसे लागत नायत!" पैसे लागत नाहीतच. नातू घरात आहे का विचारतो, त्याच्या हातात रिमोट द्यायला लावतो. मेनू, इन्स्टॉलेशन, ऑटो स्कॅन. पाच मिनिटांनी पलीकडून गाण्याचा आवाज येतो आणि फोन न सांगताच कट होतो.

डीडी फ्री डिश डिसेंबर 2004 मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावानं सुरू झाली, तेव्हापासून बघणाऱ्याला महिन्याचं भाडं नाही. पण खासगी चॅनलांना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते. ज्यांना परवडत नाही किंवा पटत नाही, ते उतरतात. 2022 च्या 1 एप्रिलला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल असे चौघे एकदम उतरले, तेव्हा अख्ख्या गावानं मला जाब विचारला होता. त्यामुळे 'अमुक चॅनल कायम दिसेल' असं मी कुणालाच लिहून देत नाही. दूरदर्शनची सह्याद्री दिसेल, एवढं देतो.

साडेआठ

दुकान शहागडला, धुळे–सोलापूर महामार्गाला लागून, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं. शटर वर केलं की आधी काउंटरवरचा डेमो टीव्ही चालू करायचा. बॉक्स विकायचा तर तो चालताना दिसला पाहिजे.

पहिलं गिऱ्हाईक वडीगोद्रीचं. हातात जुना बॉक्स. "याच्यात चॅनल कमी येतात, छत्री मोठी करू का?" छत्रीचा काही संबंध नाही. बॉक्स उलटा करून दाखवला : एमपीईजी-2. फ्री डिशवर दोन तऱ्हेची चॅनलं आहेत, काही जुन्या एमपीईजी-2 पद्धतीची आणि काही एमपीईजी-4 ची. जुना बॉक्स दुसऱ्या तऱ्हेची उघडूच शकत नाही. नवा दोन्ही उघडतो. तेव्हा खोक्यावर 'एचडी' चमकतंय का ते बघू नका, 'एमपीईजी-4' आणि 'डीव्हीबी-एस2' हे दोन्ही शब्द आहेत का ते बघा. दोन्ही नसतील तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

मग टीव्ही कोणता ते विचारायचं. हे बरेच जण विसरतात. घरी जुना डब्याचा टीव्ही असेल तर बॉक्सला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा हवी. एलईडी असेल तर एचडीएमआय. काही छोट्या बॉक्सना एकच असतं, आणि मग माणूस संध्याकाळी वायर हातात घेऊन परत येतो.

याच गिऱ्हाइकानं विचारलं, वायफायवाला घेऊ का, यूट्यूब दिसतं म्हणे. मोबाइलवर दिसतंच की! त्या जास्तीच्या पैशात चांगली वायर येते. माझं मत विचाराल तर या धंद्यात लोक बॉक्सवर पैसे उधळतात आणि वायरीवर वाचवतात. निम्म्या तक्रारी तिथनंच निघतात.

पावणेदहा

हिशेबाला बसायचं होतं, पण गल्लीतलं काम निघालं. कंपनीच्या महिन्याच्या रिचार्जला कंटाळलेलं घर, आणि छतावर त्याच कंपनीची छत्री गंजत उभी. "ही फेकून नवी बसवू का?" नाही. पत्रा सरळ असेल, पोचा आलेला नसेल, तर छत्री कुणाचीही चालते. तिला नाव नसतं, फक्त दिशा असते. छत्रीपुढं दांडीवर सिग्नल पकडणारा एलएनबी युनिव्हर्सल असेल तर तोही बहुतेक वेळा चालतो. बॉक्स मात्र चालत नाही, त्यात कंपनीचं कुलूप असतं.

दिशेचं म्हणाल तर शहागडकरांचं नशीब चांगलं. फ्री डिश ज्या जीसॅट-15 वरून येते तो उपग्रह नोव्हेंबर 2015 मध्ये फ्रेंच गयानातून सोडला, आणि तो विषुववृत्ताच्या वर 36 हजार किलोमीटरवर, 93.5 अंश पूर्वेला थांबल्यासारखा असतो. आपल्या गावातून ती दिशा जवळजवळ नेमकी आग्नेय पडते. स्वयंपाकघर कुठं आहे विचारलं की बाया बरोबर तिकडंच बोट करतात. मोबाइलचा कंपास पत्र्याच्या छतावर हमखास चुकतो, म्हणून मी हाच प्रश्न विचारतो. डिश टीव्हीचा उपग्रह 95 अंशांवर आहे, म्हणून तिची जुनी छत्री किंचित पश्चिमेकडं आणि नखभर वर सरकवली की काम होतं. सन डायरेक्टची असेल तर तीही गरज नाही, ती याच उपग्रहावर आहे. टाटा प्लेची छत्री बरीच दक्षिणेकडं बघते, एअरटेलची बरीच पूर्वेकडं. त्या सोडवून पुन्हा बांधाव्या लागतात.

या घरासमोर कडुलिंब. मालक कुऱ्हाडीवरच आले होते. "सिग्नल अडतो ना वो!" छत्री समोर बघतेय असं वाटतं, पण ते खरं नाही. एलएनबी खालच्या दांडीवर पुढं आलेला असतो, त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर, 60 अंशांवर, बघत असते. झाड छत्रीपासून जितकं लांब, त्याच्या पावणेदोन पट छत्रीच्या वर गेलेलं असेल तरच आड येतं. लिंब पंधरा-सोळा फूट लांब होता आणि छताच्या वर जेमतेम दहा फूट. मी नटाला पाना लावला. मीटरवर 'स्ट्रेंथ' सुरुवातीपासून वर होती, तिला महत्त्व नाही. नुसती वायर जोडली तरी ती दिसते. 'क्वालिटी' शून्यावर अडून बसली होती. छत्री केसभर फिरवली, थांबलो, पुन्हा केसभर. एकदम उडी मारून आकडा वर आला. मग एलएनबी त्याच्या पट्ट्यात पिळला. तो सरळ ठेवायचा नसतो, आपल्याकडं साधारण 40 अंशांचा तिरपेपणा लागतो. तेवढ्यानं क्वालिटी आणखी चढली. नट आवळताना ती परत पडते का ते बघत राहायचं, कारण आवळतानाच छत्री हलते.

एलएनबीच्या टोपणाखाली वायरीचा एफ कनेक्टर हिरवा पडला होता. कापून नवा लावला. लिंब वाचला.

अकराच्या सुमाराला

फोनावर फोन. "टीव्हीला मुंग्या आल्या." "चित्र तुटतंय." मी घड्याळ बघतो आणि हसतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे. या दिवसांत सूर्य रोज काही मिनिटं नेमका उपग्रहाच्या मागं येतो आणि त्याच्या ऊर्जेच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. मार्चमध्येही होतं. "दहा मिनिटं थांबा, छत्रीला हात लावू नका," एवढंच सांगतो. ज्यांनी हात लावला त्यांच्याकडं दुपारी जावं लागतं, आणि त्याचे पैसे मी घेतो.

एक

भाकरी, ठेचा, दुकानाच्या मागं. गिऱ्हाईक नसतं, झोप असते.

अडीच

पुलापलीकडून, गेवराई तालुक्यातून, नवरा-बायको मोटारसायकलवर आले. दसरा आटोपला, आता ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघायची. कोल्हापूरकडं. "कोपीवर चालंल असं द्या. लेकरं तिथं कंटाळत्यात."

असलं गिऱ्हाईक मला आवडतं, कारण इथं खरंच विचार करून सामान निवडावं लागतं. 60 सेंटिमीटरची छत्री पुरते. मोठी नेली तर ट्रॅक्टरमध्ये पोचा येतो आणि वाऱ्याला हलते. भिंत नाही, म्हणून भिंतीचा क्लॅम्प उपयोगाचा नाही. तीन पायांचं स्टँड दिलं. पायांवर दगड ठेवायचे. बॉक्स असा निवडला की ज्याचं अडॅप्टर 12 व्होल्टचं आहे. घरात तो विजेवर चालतो आणि फडात बॅटरीवर, सोलरची प्लेट असली तर तिच्यावर. तसाच 12 व्होल्टवर चालणारा लहान एलईडी त्यांच्याकडं होता. अखंड दहा मीटर आरजी-6 वायर, मध्ये जोड नाही. दोन जादा कनेक्टर खिशात.

मग बाईंना बांधायला शिकवलं, कारण नवरा म्हणाला, "तिचं डोकं चालतं." छत्रीच्या मागच्या पट्टीवर अंश लिहिलेले असतात, नट कुठं आवळलाय तिथं मार्करनं रेघ मारली. कोल्हापुरात उंची जवळपास हीच राहते, फक्त तोंड इथल्यापेक्षा थोडं पूर्वेकडं न्यायचं, सहाएक अंश. अंश कसा कळणार? हात पुढं ताणून तीन बोटं शेजारी धरली तर साधारण पाच अंश होतात. त्यांनी बोटं धरून बघितली, छत्री सोडली, फिरवली, आणि माझ्या मदतीशिवाय क्वालिटी वर आणली. वायर, स्टँड धरून सगळं दोन हजारांच्या आत बसलं. नवऱ्यानं घासाघीस केली नाही. बाईंनी केली.

साडेचार

शाळेतले सर. नवा टीव्ही घ्यायचाय, विचारतात, "आतच ट्यूनर असलेला घेऊ का? वेगळा बॉक्सच नको." तसे टीव्ही येतात; भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये त्यांच्यासाठी मानकही काढलं. पण 'इनबिल्ट' म्हटलं म्हणजे छत्री नको, असं नाही. छत्री, एलएनबी, वायर लागतेच. फक्त बॉक्स आणि दुसरा रिमोट वाचतो. दुकानदाराला सांगून तिथंच वायर लावून बघा, म्हटलं. सरांना पीएम ई-विद्याचे इयत्तावार वर्ग पोरांना दाखवायचेत, ते फ्री डिशवर येतात.

त्यांचाच दुसरा प्रश्न : छतावरच्या काडीच्या अँटेनानं जमेल का? पूर्वी म्हैसमाळच्या डोंगराकडं तोंड करून उंच पायपावर अँटेना असायची, वाऱ्यात फिरली की पोरगं छतावर आणि बाप खाली ओरडतोय, "आता आलं, आता गेलं!" दूरदर्शनचं ते जुनं जमिनीवरचं प्रक्षेपण देशभर बहुतेक ठिकाणी 2022 पर्यंत बंद झालं. अँटेना काढून वाळवणाला वापरा.

सात

शटर ओढायच्या आधी डेमो टीव्हीवर सह्याद्रीच्या बातम्या. दोन-तीन जण दारात उभे राहून बघतात, विकत काही घेत नाहीत. नाथसागरातून गोदावरीत पाणी सोडलं की असे बरेच जण थांबतात.

तुम्ही घेणार असाल तर एवढं करा. बॉक्स दुकानात चालवून बघा, वायर एकसंध घ्या, पक्क्या बिलावर मॉडेल लिहून घ्या. आणि फ्री डिश दाखवण्यासाठी दरमहा पैसे मागणारा कुणी भेटला, तर त्याला उभं करू नका.