शेवंतीच्या पिकास संजीवकाची फवारणी

दसरा-दिवाळीच्या सुमारास शेवंतीला मागणी असते. तोडा त्या वेळी यावा व फुलेही अधिक मिळावीत, या हेतूने बरेच बागाईतदार जिबरेलिक आम्ल या संजीवकाची फवारणी करतात. परंतु हे एक जोरकस खतच आहे, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते व ती महागात पडते.

खतातून झाडास अन्न मिळते. संजीवक केवळ वाढीस चालना देते. जमिनीत अन्न व ओल नसताना अशी चालना मिळाली, तर झाड नुसते लांबते, फिकट पडते व कलते. या द्रव्याचा शोधही अशाच रोगट रोपांवरून लागला. जपानातील भातखाचरांत काही रोपे भराभर उंच वाढून कोलमडत. तेथील शेतकरी त्यांना ‘वेडी रोपे’ म्हणत. हा प्रकार एका बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यामुळे होतो, असे कुरोसावा यांनी १९२६ साली दाखविले व १९३५ साली याबुता यांनी त्या द्रव्यास जिबरेलिन हे नाव दिले. प्रमाण चुकल्यास शेवंतीचीही तीच गत होते.

शेवंतीची लागवड काश्यांपासून करतात. काश्या जोमाने वाढू लागल्यावर प्रथम शेंडा खुडावा. सुटी फुले वजनावर विकली जातात, तेव्हा उंचीपेक्षा फांद्यांची संख्या महत्त्वाची. आणि हे काम बिनखर्ची खुडणीच उत्तम करते. त्यानंतर लागणीपासून सुमारे ३० व्या व ४५ व्या दिवशी दशलक्ष भागांत ५० भाग या प्रमाणात फवारणी करावी. मात्र कळी धरण्यास शेवंतीला मोठ्या रात्री लागतात. ती उणीव संजीवकाने भरून निघेल, असे मानू नये.

शुद्ध भुकटी १ ग्रॅम घेऊन ती थोड्या मद्यार्कात पूर्ण विरघळवावी व मग २० लिटर पाण्यात मिसळावी, म्हणजे वरील द्रावण होते. येथे वेष्टणावरील तीव्रता वाचणे अगत्याचे आहे. बाजारात ०.००१ टक्के तीव्रतेचे तयार द्रावणही मिळते. त्यात मुळातच दशलक्ष भागांत १० भाग संजीवक असते. त्यापासून ५० भागांचे द्रावण होणारच कसे? अशा मालास वरील हिशेब लावू नये, वेष्टणावरील सूचनाच पाळाव्यात. द्रावण ताजे वापरावे व बोर्डो मिश्रणासारख्या अल्कधर्मी औषधात मिसळू नये. फवारणी सकाळी अथवा सायंकाळी, पाने चांगली भिजतील अशी करावी.

कुंडीतील शेवंतीची गोष्ट उलट आहे. तेथे ठेंगणे, भरगच्च झाड हवे असते. त्यासाठी युरोप-अमेरिकेत डॅमिनोझाइडसारखी वाढ रोखणारी द्रव्ये वापरतात. जिबरेलिक आम्ल तेथे कामाचे नाही.

प्रथमच फवारणी करणाराने सबंध वाफ्यास हात घालू नये. मधल्या दोन सऱ्या फवारणीवाचून ठेवाव्यात, त्यांना खत-पाणी इतरांइतकेच द्यावे आणि प्रत्येक तोड्याला त्यांची व शेजारच्या दोन सऱ्यांची फुले निरनिराळी तोलून वहीत नोंदवावीत. औषधाचा व मजुरीचा खर्चही त्याच पानावर लिहावा.