एकाच घराण्यातील गाड्या : पत्रा जुळतो, टाकीचा हिशोब वेगळा

कापडाच्या धंद्यात आम्ही रोज पाहतो, दोन ठाण एकाच मिलचे असले तरी पन्हा जुळेलच असे नाही. पन्हा जुळला तरी रंगाचा लॉट वेगळा निघतो. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार असाच आहे. यावल-फैजपूर भागात ज्यांच्या वाड्यात वडिलांची फियाट किंवा पद्मिनी उभी आहे, त्यांनी भंगारवाल्याशी भाव करण्याआधी थोडे वाचावे.

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट ११०० हीच पुढे पद्मिनी झाली. १९६४ चे डिलाइट मॉडेल आणि १९७४ ची पद्मिनी यांच्या पत्र्याचा साचा मुळात एकच, १०८९ सी.सी.चे इंजिनही तेच. बदलत गेली ती मुख्यतः समोरची जाळी आणि सजावट. त्यामुळे दरवाजे, बॉनेट, डिकीचे झाकण एकीचे दुसरीला बसवता येते. मात्र डिलाइटच्या आधीच्या, १९५० च्या दशकातील गोल फियाटचा पुढचा दरवाजा उलटा उघडतो, त्याचे बिजागर मधल्या खांबाला. तो पद्मिनीला बसत नाही. नावात ११०० आहे एवढ्यावर दरवाजा विकत घेणाऱ्याचे पैसे बुडाले समजा.

खरी अडचण टाकीची. टाकी बाहेरून बसली म्हणजे काम झाले नाही. खोली वेगळी असेल तर तरंग्याचा हिशोब चुकतो, काटा पाव टाकी दाखवतो आणि गाडी सातपुड्याच्या रस्त्यात थांबते. डिझेल पद्मिनीला पेट्रोलची टाकी लावायची तर डिझेल परत आणणाऱ्या नळीसाठी जागा करावी लागते. आणि जुनी टाकी रिकामी म्हणून सरळ झाळायला देऊ नये. आत उरलेल्या वाफेचा भडका उडतो. आधी ती नीट धुऊन घेतलीच पाहिजे. घाई करणारा मिस्त्री स्वस्त पडत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते. ते पाणी ओढते, म्हणून बरेच दिवस उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते, जुन्या रबरी नळ्याही खराब होतात. टाकी घेताना आत बॅटरी मारून पाहावे. बाहेरच्या रंगावर जाऊ नये, तो तर कोणीही मारतो.

आता पैशाची बाजू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या, मूळ रूपातील खाजगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये फी आहे. १९७४-७५ च्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. पण चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल केलेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे त्याच मॉडेलचा दरवाजा बसवणे वेगळे आणि दोन गाड्या कापून एक करणे वेगळे. अशी कापून जोडलेली गाडी चकचकीत असली तरी व्हिंटेजच्या भावाने घेऊ नये. ग्राहकाने बॉनेट उघडून चेसिसचा आणि इंजिनचा नंबर नोंदणी पुस्तकाशी स्वतः पडताळावा, सुट्या भागांची बिले मागावीत, आणि जळगावच्या आर.टी.ओ.कडे विचारून मगच बयाणा द्यावा.