तीन ते सहा वर्षांचे मूल : शाळा शोधावी कशी, पैसा उभा करावा कसा?

मुलाच्या शिक्षणाचा खर्च म्हटला की आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना बारावीनंतरची फी आठवते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा हिशोब सहसा कोणी मांडत नाही. ते मूल मोहल्ल्यात खेळत राहते आणि एक दिवस थेट पहिलीच्या वर्गात जाऊन बसते. घरात दखनी बोलली जाते, फळ्यावर मराठी किंवा इंग्रजी असते. उर्दू शाळेत घातले तरी किताबी उर्दू त्याला नवीच. सूत कच्चे असेल तर रंग कितीही चांगला चढवा, कापड टिकत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

सातारा, कराड, सांगली, मिरज, विटा या भागातील पालकांपुढे तीन वाटा आहेत.

अंगणवाडी : ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. येथे फी नाही. गाणी, गोष्टी, अंक-अक्षरांची ओळख, गरम आहार, लसीकरण व आरोग्य तपासणी या सेवा मिळतात. "तिथे फक्त खिचडी मिळते" असे ऐकून घरी बसू नये. दोन-तीन दिवस स्वतः जाऊन पाहावे : ताई वेळेवर येतात का, मुलांशी बोलतात का, पाणी व संडासाची सोय आहे का. मराठी लवकर कानावर पडते हा मोठा फायदा. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी मी दुकानाच्या गादीवर, गिऱ्हाइकांकडून शिकलो. आजच्या मुलाला तेवढी उसंत नाही.

मोहल्ल्यात अंगणवाडीच नसेल तर? सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००६ मध्ये आदेश दिला आहे की, ग्रामीण वस्तीत किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. मुलांची नावे, जन्मतारखा व पालकांच्या सह्या अशी यादी करावी, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे बिलाशिवाय पाठविलेला माल.

आरटीईच्या २५ टक्के जागा : २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना मोफत असतात. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो व निवड सोडतीने होते. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा ओबीसी यादीतील जमातींना वंचित गटातून अर्ज करता येतो. त्याला जातीचा दाखला हवा. दाखले निघण्यास वेळ लागतो, म्हणून मूल दोन वर्षांचे होताच कामाला लागावे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना या कायद्यातून वगळले आहे. तिथे हक्क म्हणून जागा मागता येत नाही. सवलतीसाठी संस्थाचालकांनाच भेटावे लागेल.

खाजगी बालवाडी : महिन्याची फी विचारून थांबू नये. प्रवेश, गणवेश, पुस्तके, रिक्षा मिळून वर्षाचा आकडा लिहून मागावा. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. आयकराचे विवरण जुन्या पद्धतीने भरणाऱ्यास दोन मुलांच्या शिकवणी फीवर दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत वजावट मिळते. त्यात नर्सरी, प्लेग्रुपही येतात. डोनेशन मात्र त्यात धरले जात नाही.

पैशाची सोय : केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती या वयाला कधीच नव्हती. पहिली ते आठवीच्या मुलांनाही २०२२-२३ पासून त्यातून वगळले गेले. म्हणून आपली तजवीज आपणच करावी. समजा वर्षाचा खर्च १८,००० रुपये आहे, तर दिवसाला ५० रुपये झाले. कापडवाल्याने लग्नसराईच्या विक्रीतून, पुढचा माल भरण्याआधीच ही रक्कम बाजूला काढावी. विट्याच्या यंत्रमागावरील कामगाराने आठवड्याच्या पगारातून काढावी. मिरजेच्या सतार कारागिराने ऑर्डरचा ॲडव्हान्स हाती येताच काढावी. भिशी असेल तर आपला नंबर मे महिन्यात लावून घ्यावा. भिशीत व्याज नाही आणि जूनला हात पसरावा लागत नाही.

ज्यांना एवढेही शक्य नाही त्यांच्यासाठी मोहल्ल्यातील दहा दुकानदारांनी मिळून एकेका मुलाचा खर्च उचलावा. जकातीची रक्कम वापरायची असल्यास आधी आलिमांना विचारावे, कारण पात्र कुटुंबाला देणे वेगळे आणि इमारतीला लावणे वेगळे.

दुकानाची चोपडी आपण रोज लिहितो. त्यात मुलाच्या नावाचे एक खाते या वर्षीच उघडावे. कॉलेजच्या खर्चासाठी पंधरा वर्षांची मुदत मिळते, या खर्चासाठी जेमतेम तीन वर्षे. गेलेला हंगाम परत येत नाही.